हेल्मेटच्या आतलं तोंड

मोटरसायकलींविषयी लिहिणं हा माझा धंदा आहे. असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग माझ्या बुटांकडे, आणि मग विचारतात, म्हणजे नक्की काय करता? पूर्वी मी हौसेने समजावून सांगायची. पुण्याहून एक मराठी मासिक निघायचं, फक्त गाड्यांचं. कंपनी आपली नवी मोटरसायकल काही दिवस आमच्या ताब्यात द्यायची. मी ती घाटात, बाजारात, खड्ड्यांत आणि चिखलात चालवून बघायची, तिचं कौतुक करायची किंवा तिची हजेरी घ्यायची, आणि धुऊनपुसून परत करायची. आता कुणी विचारलं तर मी नुसतं हो-हो करते. मासिक छापायचं बंद झालं, आई गेली, आणि समजावून सांगायची माझी हौसही फिटली.

त्या मासिकात दर महिन्याला माझा फोटो असायचा आणि इतक्या वर्षांत माझं तोंड काही छापून आलं नाही. अंगात जाड जॅकेट, हातात मोजे, डोक्यात हेल्मेट, त्याची काळी काच खाली ओढलेली. लेखाखाली नावाचं पहिलं अक्षर आणि आडनाव. त्यामुळे वाचकांची पत्रं ‘प्रिय भाऊ’ म्हणून यायची. कोल्हापूरच्या एका सद्गृहस्थांनी तर भाऊंसाठी स्थळ सुचवलं होतं, मुलगी शिकलेली आणि गाडीवर मागे बसायची आवड असलेली. मी ते पत्र कितीतरी दिवस सगळ्यांना वाचून दाखवत होते.

फोटो काढायचा तो नगरला लागून असलेल्या भिंगारचा. मी त्याला दादा म्हणायची. त्याचे वडील छावणीत लष्करी गाड्यांच्या दुरुस्तीच्या कामावर होते, म्हणून लहानपण सगळं ट्रकांच्या चाकांमध्ये गेलेलं. स्वभावाने खडूस. पुण्यात फोटो काढायला तो साफ नाही म्हणायचा. तिथे रस्ता दिसतच नाही, नुसती माणसं दिसतात, असं त्याचं मत. त्याच्या हट्टापायी शेवटी मीच पुणं सोडलं आणि नगरला सावेडीत खोली घेतली. कागदोपत्री गाव आता अहिल्यानगर झालंय, तरी माझ्या तोंडात नगरच बसलंय. भल्या पहाटे आम्ही मिरजगावच्या रस्त्याला लागायचो. दोन्ही बाजूंना उघडं माळरान, मधूनच ज्वारी, आणि सूर्य वर आला की रस्त्यावर आडवा पडणारा पिवळा उजेड. त्या अर्ध्या तासात काम झालं तर झालं, नाहीतर उद्या परत यायचं.

त्याच्या मेव्हण्याची एक जुनी व्हॅन होती. मेव्हणा ती चालवायचा, मागचं दार वर उघडलेलं, आणि दादा तिथे पाय बाहेर सोडून, कमरेचा दोर आतल्या सीटला बांधून, उलटा बसायचा. मी गाडी घेऊन त्याच्या मागे. इतकी जवळ की त्याच्या कॅमेऱ्याचा पट्टा कुठे उसवलाय तेही मला दिसायचं. वाऱ्यात आवाज पोचत नाही, म्हणून सगळा कारभार हातांच्या खुणांनी. तळवा खाली म्हणजे हळू, बोटं आत म्हणजे अजून जवळ ये. आणि एक नियम पक्का, कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. गाडी चालवणाऱ्याची नजर पुढच्या वळणावर हवी, तो कॅमेऱ्याकडे बघतोय असं दिसलं की फोटो मेला, असं तो म्हणायचा. पुढे पुढे खूण करायच्या आधीच, त्याचं मनगट हललं की मला कळायचं. महागातल्या महाग गाड्या चालवल्या मी, पण त्यांतल्या एकीचीही मला आठवण येत नाही. आठवण येते ती त्या व्हॅनच्या मागे राहून चालवलेल्या गाडीची, आणि नंतर नाक्यावर मिसळ खाताना होणाऱ्या आमच्या भांडणांची.

आई कोपरगावच्या पलीकडे आमच्या वस्तीवर राहायची, भावाकडे. भोवताली ऊस, दारात म्हशी. अंक तिला पोस्टाने जायचा. चौथीपर्यंत शिकलेली, पण वाचायची जिद्दीने, इंजिनाचा भाग तेवढा गाळून. पहिला अंक आला तेव्हा मी घरीच होते. तिने फोटोचं पान उजेडाकडे धरलं, चष्मा पुसला आणि विचारलं, “ह्यात तू कुठं हायस?”

मी हेल्मेटवर बोट ठेवलं. तिने पान माझ्या तोंडाशेजारी धरून बघितलं आणि मिटून ठेवलं. पुढे दुधाला येणाऱ्या बायकांना ती अंक दाखवायची आणि बायका म्हणायच्या, हा तर कुणीतरी पोरगा दिसतोय. त्याचा राग माझ्यावर निघायचा. मग एक दिवस तिने स्पष्टच सांगितलं, एकदा तरी तोंड दिसेल असा फोटो छापून आण. तिने माझ्याकडे कधी साडी मागितली नाही, कधी काही मागितलं नाही. हे एवढंच मागितलं. मी लगेच हो म्हणाले, मला ते अगदी साधं काम वाटलं.

दादाला सांगितलं तर तो उखडला. उमेदवारीच्या काळात वर्तमानपत्रासाठी त्याने हायवेवरच्या अपघातांचे फोटो काढले होते. चालत्या गाडीवर बिनहेल्मेटचा माणूस माझ्या कॅमेऱ्यात येणार नाही, म्हणाला. ते मलाही पटत होतं. मग उभं राहून काढायचं ठरलं. मनमाड रोडला, उसाच्या कडेला, गाडीशेजारी मी, हेल्मेट काखेत, घामाने केस चिकटलेले. फोटो झकास आला. ऐनवेळी टायरची पानभर जाहिरात आली आणि तो उडाला. पुढच्या खेपेला संपादकांनी छापला, पण गाडी पूर्ण बसावी म्हणून मला कमरेपासून वर कापलं. आईने फोन करून विचारलं की हे पाय कुणाचे. तिसऱ्या वेळी मी पानावर पूर्ण होते, आणि लेखाचं नाव पिवळ्याधमक अक्षरांत बरोबर माझ्या तोंडावर बसवलेलं होतं. मी संपादकांशी कडाडून भांडले. ते हसले आणि म्हणाले, लोक पैसे गाडी बघायला देतात, शेजारी कोण उभं आहे याचं कुणाला पडलंय? आई काही महिने विचारत राहिली, मग तिने विचारणं सोडून दिलं. मला वाटलं, विसरली असेल.

मग एका वर्षी पाऊस सरता सरता मला चिकुनगुनियाने धरलं. ताप उतरला, पण सांधे असे आखडले की डब्याचं झाकण निघेना, क्लच ओढायची तर गोष्टच सोडा. गाडी खाली अंगणात उभी. माझी चालवून झाली होती, फोटो राहिले होते आणि कंपनीचा माणूस गाडी न्यायला यायचा होता. अशा वेळी आमच्या धंद्यात एक रीत आहे, कुणी ती बोलून दाखवत नाही इतकंच. ज्याला जॅकेट बसेल तो गाडीवर बसतो. हेल्मेटच्या आत कोण आहे हे कोण बघतंय? दादाचा मेव्हणा चणीने माझ्यासारखाच. त्याने माझं जॅकेट चढवलं, माझे मोजे घातले, माझं हेल्मेट डोक्यात घातलं. व्हॅन चालवायला कुणी नव्हतं, म्हणून दादाने रस्त्याच्या कडेला उभं राहून फोटो घेतले. लेख मी पडल्या पडल्या फोनवर बोलून टाइप केला.

अंक निघाला. संपादकांना काही कळलं नाही, कंपनी खूश झाली, आणि एका वाचकाने आवर्जून कळवलं की भाऊंनी या वेळी गाडी वळणात फारच देखणी वाकवली आहे. ते वाचून माझा जळफळाट झाला. आईला मी आजारपणाचं एक अक्षरही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर माझा भाऊ टेम्पो घेऊन आला असता आणि मला सामानासकट वस्तीवर घेऊन गेला असता. अंक तिच्या हातात पडला त्या दिवशीही मी भिंतीला धरून चालत होते.

दुपारी तिचा फोन आला. “ही तू न्हाईस,” ती म्हणाली.

मी म्हटलं, मीच आहे, दुसरं कोण असणार. तिने विचारलं, “बरी हायस ना?”

त्यावर मला खोटं बोलवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती आली. एका पिशवीत बाजरीचं पीठ, तूप आणि लसणाची चटणी. आली ती थेट माझ्या खाटेशी बसली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला अवघडल्यासारखं झालं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, तुला कसं कळलं गं? ती म्हणाली, तो गडी ताठ बसलाय, तुझा डावा खांदा वर असतो. शाळेत मी सायकलवर जायची, दप्तर डाव्या खांद्याला, ते घसरू नये म्हणून खांदा उचलून धरायची सवय लागली. मी पाटाच्या वळणाला दिसेनाशी होईपर्यंत ती रोज वस्तीवर उभी राहून बघायची, असं तिने आता सांगितलं. हे मला कधीच ठाऊक नव्हतं, कारण मी मागे वळून बघितलंच नव्हतं. म्हणजे पहिल्या अंकानंतर कधीतरी, खांद्यावरून, ती मला प्रत्येक फोटोत ओळखायला लागली होती. मला जरा रागच आला. मग इतकी वर्षं तोंडासाठी माझ्यामागे भुणभुण कशाला लावली होतीस, असं मी विचारलं.

“तू हायस ते मला कळतंच की,” ती म्हणाली. “पर दमलीस का, जेवलीस का, ते तोंडावरनंच कळतं ना बाई. खांद्यावरनं कसं कळंल?”

मी सांध्यांच्या दुखण्याचं निमित्त केलं आणि रडून घेतलं.

संध्याकाळी दादा विचारपूस करायला आला. आईने फोटोतला माणूस ओळखल्याचं मी त्याला सांगितलं तर तो ओशाळला. लगेच पिशवीतून कॅमेरा काढला, मला तोंड धुऊन खिडकीपाशी बसायला सांगितलं, आणि आईला म्हणाला की या वेळी छापून आणतो, संपादकांच्या उरावर बसेन पण आणतो. आई भाकरी थापत होती. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, “आता कशाला? ही काय समोर हाय.”

दादाने कॅमेरा परत पिशवीत ठेवला आणि जेवायला बसला. मला स्वतःची वेणी घालता येईपर्यंत आई राहिली. ती वस्तीवर परतल्यावर चारच दिवसांत अंगणात दुसरी गाडी आली.

पुढे मासिक बंद पडलं. दादाने मोठ्या लेन्स विकल्या आणि भिंगारच्या बाजारात ओळखपत्रांचे फोटो काढायचं दुकान टाकलं. आता तो दिवसभर लोकांना कॅमेऱ्याकडे बघा म्हणून सांगतो. मी व्हिडिओ करते, दुसरा इलाज नव्हता. सुरुवातीला हेल्मेट मांडीवर घेऊन सरळ कॅमेऱ्यात बघत बोलायचं असतं. पडदाभर माझंच तोंड असतं आणि हजारो लोक ते बघतात. पहिला व्हिडिओ आला त्याच्या आधीच आई गेली. तिने एकदा, एकदाच बघायला हवं होतं, असं मला गाडी चालवतानाही वाटत राहतं आणि काचेच्या आत डोळे भरून येतात.

व्हिडिओची काटछाट पुण्यात होते. ते करणारा गृहस्थ कामाला चोख आहे. न सांगता माझ्या डोळ्यांखालचं काळं पुसतो, गालांवर थोडा उजेड टाकतो. मागच्या महिन्यात मी दिवसभर गाडी चालवून, पोटात अन्नाचा कण नसताना, तशीच बोलायला बसले होते. नंतर तो व्हिडिओ लावून बघितला, तर मी ताजीतवानी, नुकतीच पोटभर जेवून उठल्यासारखी दिसत होते.