वाट चुकलेली नस

"हनुवटी खाली कर बघू," मी म्हणाले.

चिन्मयीने केली आणि लगेच म्हणाली, "आता तुमी दिसत न्हाय."

थळच्या कोळीवाड्यातली पाच वर्षांची मुलगी. पापण्या जन्मापासून अर्ध्या मिटलेल्या, बुबुळं खाली वळून तिथेच खिळलेली. समोरचं बघायला मान मागे टाकावी लागे. मी अलिबागला डोळ्यांची डॉक्टर. असे डोळे तोवर फक्त पुस्तकात पाहिले होते.

"गिरानात हिनी म्हावरा कापला, डॉक्टरबाय," आजी सुनेकडे बोट दाखवून म्हणाली. "पोर पोटात व्हती तवा."

सून, सुनंदा, गप्प. ग्रहणात मासळी कापल्याचं हे बोलणं ती पाच वर्षं ऐकत आली होती.

एमआरआयमध्ये डोळा हलवणारी नस नेहमीपेक्षा फारच बारीक दिसली. मी तिघांचं, मुलीचं आणि आईवडिलांचं, रक्त मुंबईच्या जेनेटिक्स लॅबला पाठवलं. दीड महिन्याने तिथल्या मॅडमचा व्हिडिओ कॉल आला.

"ट्युब्युलिन," त्या म्हणाल्या.

हे पेशीच्या आतला सांगाडा उभारणारं प्रोटीन. त्याच्या सूक्ष्म नळ्या होतात आणि त्यांच्या आधाराने नसेचं टोक वाढत पुढे जातं. त्याचे बरेच प्रकार आहेत, जवळजवळ एकसारखे. त्यातला एक खास नसांच्या पेशींमधला. चिन्मयीच्या त्या प्रकारात, प्रोटीनच्या लांब साखळीतला, फक्त एक कण बदलला होता.

मॅडमनी लॅबमधल्या काचेच्या बशीत वाढवलेल्या नसेच्या पेशीचा व्हिडिओ दाखवला. नसेच्या टोकाला पसरलेल्या पंजासारखं काहीतरी. ते चाचपडत होतं, थबकत होतं, वळून पुन्हा निघत होतं. मग बदललेला प्रकार असलेली पेशी दाखवली. तिचं टोक तिथल्या तिथे घुटमळत राहिलं.

"आणि हिच्या बाकीच्या नसा?"

"पोचल्या की. नेमकी डोळ्यांचीच वाट का चुकली, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही."

कॉल संपला तरी मी बसूनच होते. मेंदूपासून बोटाच्या टोकापर्यंत, आईच्या पोटातल्या काळोखात, एवढ्या नसा बिनचूक पोचतात. मी रोज ओपीडीत सरळ बघणारे डोळे तपासते. त्यांचं कधी नवल वाटलं नव्हतं.

पुढच्या खेपेला मी रिपोर्ट समजावला. "हा बदल आईत नाही, बापातही नाही. मुलीत नव्याने झालाय. ग्रहणाचा काही संबंध नाही."

आजीने कागद हातात घेऊन पाहिला. तिला वाचता येत नव्हतं. मग सुनेला म्हणाली, "मंग तू बोलली का न्हाईस गो?"

"काय बोलू, आये? मलाबी तसाच वाटायचा," सुनंदा म्हणाली, आणि तिथेच रडायला लागली.

ऑपरेशनं दोन झाली. हनुवटी खाली आली, चिन्मयी शाळेत फळा सरळ बघते. डोळे मात्र वळत नाहीत. ती अख्खी मान वळवते.

तेव्हापासून मी एक करते. रिपोर्ट आला की खोलीत सगळ्यात गप्प कोण बसलंय ते बघते, आणि त्याला आधी सांगते.