थंड मोटरचा गरम काटा

आबाजी गवळ्याकडून दूध घेताना आधी त्यालाच एक घोट प्यायला लावत. तो प्याला, की म्हणत, "याले सवय असन." आणि दूध मांजरापुढे ठेवत. मांजर प्यालं, तरी त्याला घटकाभर फिरू देत आणि मगच चहाला आधण ठेवायला सांगत. असा हा माणूस माझा सासरा होता. मी लग्न होऊन आले तेव्हा नवीन महाराष्ट्र होऊन फार दिवस झाले नव्हते. मला चौथीपर्यंत वाचता येत होतं, म्हणून आबाजी माझ्यापासून पोथीसुद्धा लपवून ठेवत.

गावात त्यांना 'खात्रीवाले आबाजी' म्हणत. "खात्री करून घ्यावं माणसानं" हे त्यांचं बोलणं होतं. पण खात्री झाली असं मी त्यांना कधी पाहिलं नाही. एक खात्री झाली, की तिची खात्री करायला ते उठत.

शेती बरी होती. तरी त्यांनी एक जुनी पेट्रोलची मोटर घेतली आणि धाड ते बुलढाणा माणसं न्यायचा धंदा सुरू केला. स्वतःला चालवता येत नव्हती. म्हणून देऊळघाटचा गणपत ड्रायव्हर ठेवला. गणपत काळा, उंच आणि कमी बोलणारा होता. आबाजींच्या हिशेबी कमी बोलणारा माणूस काहीतरी लपवतो आणि जास्त बोलणारा काहीतरी झाकतो. गणपत कसाही असता, तरी सुटला नसता.

मोटरच्या टाकीत ते रोज संध्याकाळी पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, काडी घालत आणि पेट्रोल जिथवर लागलं तिथे चाकूनं खूण करत. सकाळी पुन्हा काडी घालत. उन्हाळ्यात सकाळची खूण जवाएवढी खाली निघायची. मी म्हणाले, "आबाजी, दिवसा तापलेलं तेल रात्री थंड झालं की आकसतं. माझ्या तेलाच्या बरणीतही सकाळी तेवढंच उतरलेलं दिसतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "म्हंजे तेलबी चोरी जाऊन राह्यलं?"

त्या दिवसापासून तेलाची बरणी त्यांच्या खाटेखाली गेली.

मग त्यांनी लोहाराकडून मोटरच्या इंजिनावरच्या टपाला दोन्ही बाजूंनी भोकं पाडून घेतली. इंजिनावरून आरपार साखळी ओवायची आणि बाहेरून कुलूप लावायचं. मोटर धाडहून आली, की इंजिन तापलेलं असतानाच ते साखळी दोन्ही हातांनी ताणत आणि किल्ली करदोड्याला बांधत. गणपत बाजूला उभा राहून बघायचा. एकदा एवढंच म्हणाला, "आबाजी, बैलबी एवढा आवळून बांधत नाही कोणी."

"बैल पेट्रोल विकत नाही," आबाजी म्हणाले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो प्रकार घडला. मोटरमध्ये ड्रायव्हरपुढे एक काटा होता. इंजिन तापलं की तो वर लाल रेघेकडे जायचा आणि थंड झालं की खाली यायचा. सकाळी आबाजींनी दार उघडून बघितलं, तर काटा लाल रेघेवर होता. मोटर रात्रभर आमच्या अंगणात उभी. काटा म्हणतो, इंजिन तापलेलं आहे.

आबाजींनी लगेच निकाल दिला. रात्री गणपतनं मोटर बाहेर काढली. दुसरी किल्ली केली असेल. कुठल्या तरी गावी माणसं पोचवून पहाटे आणून लावली.

मी टपाला हात लावला. विहिरीच्या दगडासारखं थंड. मी म्हणाले, "हे तर गार आहे."

"पाणी ओतलं असन त्यानं."

"ओतलं तर खाली ओल दिसली असती."

"पुसली असन."

दुसऱ्या रात्री ते मोटरच्या पुढ्यात आडवी खाट टाकून झोपले. सकाळी काटा तिथेच. आता कोणाही माणसानं म्हटलं असतं, की काटा बिघडला. आबाजी स्वयंपाकघराच्या दारात आले आणि मला म्हणाले, "काल कढीत काय टाकलं व्हतं? मले येवढी झोप कशी काय लागली?"

म्हणजे आता चोरीत मीही होते. मी हातातली परात खाली ठेवली आणि बाहेर आले.

गणपत तेवढ्यात कामावर आला होता. आबाजींनी त्याला अंगणातच उभं केलं. "उद्या धाडचा बाजार हाये. चार लोकाईत सांगतो, हा रात्री मोटर पळवते. मंग पाहू तुले कोन स्टेरिंग देते ते."

गणपतचा चेहरा उतरला. तसं सांगितलं असतं, तर जिल्ह्यात कोणी त्याला बैलगाडीही हाकू दिली नसती. तो म्हणाला, "आबाजी, म्या नाही काढली. काटा खराब असन."

"काटा काऊन खोटं बोलन बे? माणसाले पोट असते म्हणून तो खोटं बोलते. काट्याले पोट कुठं हाये?"

मी म्हणाले, "आबाजी, तुम्ही दुधाची खात्री करता, माझ्या कढीची करता. काट्याची का नाही केली?"

हे मात्र त्यांना लागलं. खात्री करायची एक वस्तू राहून गेली, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं.

त्या काट्यापासून एक बारीक तांब्याची नळी इंजिनापर्यंत गेलेली होती. तिच्या टोकाला कापसाच्या बोंडाएवढं पितळेचं बोंड होतं. तेच इंजिनाच्या पाण्यात बुडून राहायचं आणि ताप किती आहे ते काट्याला कळवायचं. गणपतनं इंजिनातलं पाणी सोडून ते बोंड बाहेर काढलं. मी रांजणातलं पाणी आणायला निघाले, तर आबाजी म्हणाले, "थांब. मी आनतो." त्यांनी स्वतः तांब्या भरला, त्यात बोट बुडवून पाहिलं आणि बोंड आत सोडलं. काटा लाल रेघेवर. मग चुलीवरून उकळतं पाणी आणलं. काटा तिथेच. पुन्हा रांजणातलं पाणी. काटा तिथेच.

"मेलेला हाये," गणपत म्हणाला.

 शेंगेत कीड चाचपावी तशी आबाजींनी ती नळी बोटांनी चाचपत नेली. मध्ये एका जागी बोट थांबलं. नळी तिथे चपटी झाली होती. तिच्यावर साखळीच्या कडीचा वळ होता. इंजिन गरम असताना त्यांनी साखळी ताणली, नळी चेपली आणि काटा होता तिथेच अडकला.

त्यांनी वळावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "हे साखळी कोन्या लोहारानं केली व्हती?"

गणपतनं मोटरची चावी ओट्यावर ठेवली. "तुमी काट्याचं आयकलं, आबाजी. माहं नाही आयकलं." आणि तो चालत देऊळघाटच्या रस्त्याला लागला. आबाजींनी हाक मारली नाही.

पुढे गणपत एसटीत ड्रायव्हर म्हणून लागायला गेला. त्याच्याबद्दल चौकशी करायला एसटीचं कोणी गावात आलं, तेव्हा मी दाराआड होते. आबाजी म्हणाले, "त्याच्यावर मी सोता नजर ठेवली व्हती. काहीच सापडलं नाही." इतकी तारीफ त्यांनी आपल्या मुलाचीही केली नव्हती. गणपतला नोकरी लागली.

मोटर काही महिन्यांत विकायला काढली. जळगाव जामोदचा एक माणूस लगेच घेतो म्हणाला, तर आबाजींनी त्याला तीनदा विचारलं, "येवढ्या लवकर हो काऊन म्हनता?" तो चौथ्यांदा थांबला नाही. मोटर दुसऱ्यानं नेली.

त्यानंतर आबाजी बुलढाण्याला एसटीनं जात. फाट्यावर एक बस यायची, दुसरी यायची, ते उठत नसत. गणपतची आली की चढत आणि पुढच्या बाकावर बसत. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हते, हे मी सोबत असताना पाहिलेलं आहे. मी विचारलं, तर म्हणाले, "बाकीच्याईची खात्री नाही."

आबाजी गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी गणपत आला. ओट्यावर बसला. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "वहिनी, माह्याबद्दल तुमच्यापाशी कधी काही म्हनले का?"

मी खोटं कशाला बोलू? म्हणाले, "नाही. पण तुमची गाडी आल्याशिवाय फाट्यावरून उठत नव्हते."

"म्हाईत हाये," गणपत म्हणाला. "फाट्यावर दिसले नाही, तं मीबी गाडी थोडी थांबवून ठेवत व्हतो."

मी चहा आणून पुढे ठेवला. त्यानं तो कसलीच खात्री न करता प्याला.