आज चहा तयार नव्हता

मंडळी, आज खंडेनवमी. फ्रीगंजमधल्या आमच्या दुकानातली पूजा उरकून संध्याकाळी घरी आले, तर रोज तयार असणारा चहा आज नव्हता.

आबा, म्हणजे माझे सासरे, त्यांच्या खोलीत काळ्या पडलेल्या टीव्हीसमोर बसून होते. गुडघ्यांमुळे ते आता बाहेर पडत नाहीत. फाटकावरच्या कॅमेऱ्याचं चित्र त्या टीव्हीवर येतं, तेच दिवसभर बघतात.

टीव्ही तपासला, तो ठीक होता. त्याखालच्या, कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरचा दिवाही लागलेला. मग त्या रेकॉर्डरवर हळदीकुंकू आणि झेंडूचं फूल दिसलं.

"सकाळी मिक्सरबरोबर त्यालाही पूजेला काढलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "वायरी होत्या तशाच लावल्या की मी."

कॅमेरेवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "भाभी, पीछे सारे सॉकेट एक जैसे दिखते हैं. टीवी का वायर कैमरे वाले में लग गया होगा. जिस पे आउटपुट लिखा है, उसमें लगाओ."

तसंच झालं होतं. वायर बदलली आणि फाटक परत दिसायला लागलं.

आबा म्हणाले, "हं, आता बरं. तुझी स्कूटर फाटकाशी दिसली की मी हिला चहा टाकायला सांगतो. आज तू दिसलीच नाहीस."

मला आजवर वाटायचं, सासूबाईंना स्कूटरचा आवाज येतो.

तो कॅमेरा आम्ही चोरांसाठी बसवला होता. त्यात रोज माझी वाट बघितली जाते, हे मला आज कळलं. तुमची वाट घरी कोण बघतं, ठाऊक आहे तुम्हाला?