जपानी जोहार

"अजून वाक. कमरंत वाक. तुझा बा हात भुईला लावायचा."

आबासाहेब जीपमधून उतरलेसुद्धा नव्हते. मी रस्त्याकडेच्या बाभळीपुढं वाकलो होतो, आणि मागून हे आलं. मी दचकून सरळ झालो. ते ड्रायव्हरला म्हणाले, "बघ, मॅट्रिक झालं तरी म्हाराचं पोरगं जोहार इसरत न्हाई." ड्रायव्हर हसला. जीप गेली. धूळ माझ्या तोंडावर बसली.

आता काय सांगायचं? मी जोहार करत नव्हतो, जपानी शिकत होतो, हे कुणाला पटलं असतं? बाभळीलाही पटलं नसेल.

दुष्काळाचं साल. सगळी वस्ती खडी फोडायला. आबासाहेब गावचे पाटील आणि साखर कारखान्याचे संचालक. कारखान्यात जपानहून एक यंत्र येणार होतं, ते बसवायला तिकडची माणसं येणार होती. त्यांची भाषा येणाऱ्याला कामावर घेणार, अशी बोलवा उठली. नेवासा तालुक्यात जपानी कुणाला येत होतं? मला वाटलं, रांग नाही, वशिला नाही, ही जागा आपलीच. अक्कल ती एवढी.

नगरच्या रद्दीवाल्याकडून एक पुस्तक आणलं. इंग्रजीतून जपानी शिकवणारं. माझं इंग्रजी लंगडं, त्या लंगड्याच्या खांद्यावर बसून मी जपानला निघालो. अक्षरं धुळीत काटकीनं गिरवायची. क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं हे कळल्यावर तर आनंद झाला, म्हटलं, ही तर आपलीच माणसं. उच्चार ऐकायला कुणी नव्हतं, त्यामुळं माझं जपानी घोडेगावच्या बाजारातलं होतं. खडीच्या पाट्या मोजायचो, "इची, नी, सान." मुकादमाला वाटलं मी त्याला शिव्या देतोय. त्यानं अर्ध्या दिवसाची हजेरी कापली.

पुस्तकात चित्रं होती. दोन माणसं समोरासमोर वाकलेली. खाली लिहिलेलं, भेटल्यावर असं वाकावं. मी आज्ञाधारक विद्यार्थी. रोज बाभळीपुढं वाकायला लागलो.

जीप गेली त्या संध्याकाळी गोष्ट बाच्या कानावर गेली. तो कुडापाशी बसला होता.

"कुनापुढं वाकत हुतास?"

"कुनापुढं न्हाई, बा. जपानी शिकतोय."

"त्याला वाकाया कशाला लागतं?"

"पुस्तकात हाय."

बानं अर्धी हयात पाटलाच्या ओट्यापुढं 'जोहार मायबाप' केला होता. आम्ही बौद्ध झालो त्या वर्षी वस्तीनं जोहार टाकला. पहिला ताठ चालत गेला तो बा. त्याला चावडीपुढं झोडपला होता, तेव्हापासून त्याचा डावा खांदा वर जात नाही.

"जे टाकाया आमी मार खाल्ला," तो म्हणाला, "ते तू पैसं दिऊन इकत आनलंस व्हय?"

पण वाकणं मी सोडलं नाही. फक्त बाभळ बदलली, रस्त्यापासून लांबची धरली.

पाहुणे आले. माझ्या जपानीची गोष्ट एव्हाना गावभर झाली होती, आबासाहेबांनीच माणूस पाठवून बोलावलं. कारखान्याच्या अतिथीगृहाच्या व्हरांड्यात संचालक खुर्च्यांवर, मी पायरीखाली. समोर एक वयस्क जपानी इंजिनिअर. मी पाठ केलेलं वाक्य एका दमात म्हटलं. त्याला त्यातलं काही कळलं नाही. त्याचा चेहरा इतका सज्जनपणे कोरा झाला की मला रडूच आलं. मग मी वाकलो.

आणि तो वाकला. पायरी उतरून, माझ्यासमोर येऊन, माझ्यापेक्षा खाली.

आजवर माझ्यापुढं कुणी वाकलं नव्हतं. अशा वेळी काय करतात? मी घाबरून परत वाकलो. तो परत वाकला. मी पुन्हा. आमचा नुसता झोका सुरू झाला. व्हरांडा खदखदून हसला. मीही हसलो, मला अजून कळलं नव्हतं कोण कशाला हसतंय.

"झ्याक जमतंय की!" आबासाहेब म्हणाले. "पाव्हन्याला झालं, आता आमाला. एकेकापुढं यायचं. भुईला हात लावायचा, बापावानी. मग उद्यापासनं कामावर ये."

हसणं थांबलं. सगळे बघत होते. कामावर. म्हणजे पगार, बाच्या हातातली हातोडी सुटणार, आईच्या डोक्यावरची पाटी उतरणार. एवढंच, कमरेत वाकायचं. सवय तर होतीच. किती महिने तालीम केली होती मी.

नकार जपानीत येत होता मला. 'इइए.' तिसऱ्याच धड्यात होता. तोंडातून निघालं ते, "न्हाई."

"काय म्हनलास?"

"न्हाई वाकनार."

"मग जा खडी फोडाया. उठवा रे ह्याला."

मी उभाच होतो, तरी दोघांनी दंड धरून उठवल्यासारखं ओढलं. तो इंजिनिअर एकदा माझ्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघत होता. काहीतरी विचारत होता मला. एकही शब्द कळला नाही. सांगायचं तर सगळं होतं. जोहार म्हणजे काय, बाचा खांदा असा का, आत्ताच हसणारा मी आता का रडतोय. पुस्तकात स्टेशनचा रस्ता विचारायला शिकवलं होतं, चहा मागायला शिकवलं होतं. हे कुठंच नव्हतं. फाटक लागेपर्यंत मी मान वळवून बघत राहिलो, मुका.

ती जागा गेली. दुसऱ्या दिवशी मी, बा, आई, तिघंही खडीवर. मुकादम म्हणाला, "आलं का जपान?" सगळे हसले. मी हातोडी उचलली.

जपानी मी सोडणार नव्हतो. आता नोकरीसाठी नव्हे. जात, मार, ओटा, हे शब्द मला त्या भाषेत हवे होते. नसतील तर चार शब्द जोडून करीन. त्या माणसाला किंवा त्याच्या गावच्या कुणालाही मी एक दिवस तोंडावर सांगणार, त्या दिवशी व्हरांड्यात काय मागितलं होतं. आणि समोर कुणीही असो, जो माझ्यापुढं वाकत नाही त्याच्यापुढं मी वाकणार नाही. घरात भाकरी नसली तरी नाही.