कोकणात कुठे जेवायचं, ते सुनीलला विचारा

सुनील उपाशी गेला.

शेवटी शेवटी नळीतून जे काय जायचं, तेवढंच. आज त्याला वर्ष झालं.

सुनील माझा शाळेपासूनचा दोस्त; मी पुढे शाळामास्तर झालो. तळोद्यात त्याची स्वतःची टुरिस्ट गाडी होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि दिवाळीनंतर तो आपल्याकडच्या फॅमिली घेऊन कोकणात जायचा.

आमच्या माणसांचं कसं, समुद्र बघितला की आधी फोटो. आणि मग लगेच प्रश्न, इथे जेवायचं कुठे?

सुनीलला माहीत असायचं.

बोर्ड बघून त्याने कधी हॉटेल निवडलं नाही. सरळ मागच्या दाराने किचनमध्ये जायचा आणि अहिराणीत विचारायचा, "मासा आजना शे का कालना?"

समोरच्या मालवणी ताईला भाषा कळायची नाही. पण ती हसून टोपलीवरचं फडकं उचलायची.

देवबागला खाडीकाठी एक घर, अंगणात चार टेबलं. मासे तिथे. गुहागरला देवळामागे एक काकू, आधी फोन केला तरच स्वयंपाकाला लागणाऱ्या. आमटी-भात आणि उकडीचे मोदक तिथे.

बीचवरच्या मोठ्या हॉटेलांसमोर तो गाडी हळूसुद्धा करायचा नाही.

"फोटो काढाले चांगलं शे. खावाले नही."

खोबऱ्याचं कालवण मात्र त्याला गोड लागायचं. म्हणून नंदुरबारच्या मिरचीचं तिखट बाटलीत भरून गाडीतच ठेवायचा. कालवण लाल होईपर्यंत टाकायचा. ताई कपाळाला हात लावायची.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी बायको आणि मुलीला घेऊन त्याच्याच गाडीने गेलो.

देवबागच्या त्या अंगणात ताटं आली. सुरमई, तिसऱ्या, तांदळाची भाकरी. मी त्याच्याकडे तिखटाची बाटली मागितली.

"आणी नही," तो म्हणाला.

सोलकढीत भात कालवून खात होता. छोटे छोटे घास, एकाच बाजूने.

"काय रे, कोकणी झाला का तू?" मी हसलो. तोही हसला, तोंड न उघडता.

हात धुवायला उठलो तर त्याने नळाजवळ मला थांबवलं. गाल बोटाने ओढून आतलं दाखवलं. पांढरा चट्टा होता.

"मास्तर, देख ना. तिखट लागनं का आग व्हस."

मी नीट बघितलंही नाही. मुलगी बीचवर चला म्हणून ओढत होती. ऊन छान उतरलं होतं. मला फोटो काढायचे होते.

"गुटख्याची पुडी बंद कर. दोन दिवसांत जाईल."

"हां," तो म्हणाला.

दिवाळीपर्यंत त्याचं तोंड उघडेनासं झालं.

सुरतला दाखवलं. ऑपरेशन झालं. अर्धा जबडा काढला, जिभेचाही भाग गेला. बोलणं संपलं. गाडी दारात उभी राहिली.

फोन मात्र येत राहिले. सगळ्यांना कुठे माहीत होतं?

गेल्या वर्षी मेमध्ये मला सुट्टी होती. रोज दुपारी त्याच्याकडे जाऊन बसायचो. एके दिवशी पाचच्या सुमारास फोन वाजला. त्याच्या बायकोने, रेखावहिनींनी, तो माझ्या हातात दिला.

आपल्याच गावचे, कापड दुकानवाले शेठ. जैन कुटुंब. दुसऱ्या गाडीने गेले होते आणि गुहागरच्या बीचवर उभे होते.

"सुनीलभाऊ, सोबत माँ आहे. सूर्य बुडायच्या आत जेवते ती. कांदा-लसूण चालत नाही. इथे सगळीकडे मच्छी. मी घाबरून गेलोय. कुठे जाऊ?"

फोन स्पीकरवर होता. सुनीलने हाताने वही मागितली.

'देऊळमांगे काकू. साधी आमटी, भात, मोदक. आत्तेच फोन करा.'

खाली काकूंचा नंबर. न बघता लिहिला, दहाच्या दहा आकडे.

मी वाचून दाखवलं. मग आम्ही दोघं खिडकीतल्या उन्हाकडे बघत बसलो. इथलं ऊन उतरतंय म्हणजे तिथलंही उतरत असणार.

दीड तासाने शेठचा परत फोन.

"माँ पोटभर जेवली! जरा भाऊला द्या ना."

"तो... झोपलाय."

"त्याला सांगा, पुढच्या मेमध्ये त्याचीच गाडी."

मी सुनीलकडे पाहिलं. त्याने वहीत लिहिलं, 'हो म्हण.'

मी हो म्हणालो.

फोन ठेवला आणि मला राहवलं नाही.

"सुन्या, देवबागले तू माले दखाडं व्हतं. मी देखं नही रे."

त्याने वही पुढे ओढली. मग लिहिलं.

'माले बी माहीत व्हतं. भेव लागनं व्हतं.'

आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. वहिनी चहा घेऊन आल्या. एकच कप, माझा. मला तो त्याच्यासमोर पिता आला नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांत तो गेला.

दहाव्याला शेठ आले. आत येईनात, दाराशीच उभे राहिले. "मी फोन केला, तेव्हा तो..." एवढंच म्हणाले.

मित्रांनो, तोंडातली जखम पंधरा दिवसांत गेली नाही तर डॉक्टरांना दाखवा. आणि कोणी तुम्हाला दाखवत असेल, तर थांबून नीट बघा. मी थांबलो असतो तर तो वाचला असता का, माहीत नाही. पण मी थांबलो नाही, हे माहीत आहे.

सुन्या, माफी मागायला उशीर झाला रे भो.

तुझ्या मास्तरचा तुला शेवटचा रामराम.