काहीच न करणाऱ्यांची मुकादम

माझ्या बहिणीची धाकटी लेक माझ्याकडे राहते. चाळिशीला आली, तरी घरात तिला सगळे धाकटीच म्हणतात. ती काय काम करते, असं कोणी विचारलं की मी आधी पाण्याचा पेला पुढे करते, म्हणजे उत्तर जुळवायला उसंत मिळते. कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्रं उमटवणाऱ्या तयार प्रोग्रामांची एक लायब्ररी आहे, तिथे ती असते. त्या लायब्ररीत पुस्तक मात्र एकही नाही. माझा गोंधळ इथूनच सुरू होतो.

तिचं खास काम म्हणजे एक टेबल. तेही लाकडी नव्हे. 'रेघ ओढ', 'रंग भर' अशा हुकमांचा तो तक्ता, आणि प्रत्येक हुकमासमोर तो पार पाडणाऱ्या फंक्शनचा, म्हणजे प्रोग्रामच्या एका तुकड्याचा, पत्ता. पण पडद्यावर चित्राची जागा तयार होईपर्यंत खरी फंक्शनं हजरच नसतात. रकाना कोरा राहिला तर प्रोग्राम धाडकन आडवा होतो. म्हणून धाकटी तिथे बदली फंक्शन बसवते. ते हुकूम ऐकतं आणि आल्या पावली परत जातं.

"म्हणजे काहीच करत नाही?"

"काही नाही, मावशी. तेच त्याचं काम."

"आणि त्याचा पगार तुला!"

माझा उभा जन्म रंगमंचावर गेला. तालमीला नायक आला नाही की त्याच्या खुणेवर पडदेवाल्याला उभं करत. मी त्याच्या डोळ्यांत बघून विरहाचे संवाद म्हणायची आणि तो ढिम्म. तेवढं मला कळलं. म्हणजे, कळलं असं वाटलं.

गेल्या महिन्यात एका सकाळी धाकटी भांडी घासत असताना तिच्या साहेबांचा फोन आला. तिनं कोपरानं स्पीकर लावला. मोटार चालवायला शिकवणारं यंत्र बनवणारी एक कंपनी ही लायब्ररी वापरते. स्टिअरिंग फिरतं, इंजिन घुरघुरतं, पण पडदा काळाठिक्कर. चूक कुठे आहे, कोणालाच सापडेना.

"बाई, तुमची ती बदली मंडळी काढा," साहेब म्हणाले. "रकाने कोरे ठेवा. प्रोग्राम पडला तर कुठे पडला ते तरी कळेल. ही मंडळी हुकूम गुपचूप गिळून बसतात!"

"संध्याकाळपर्यंत थांबा, सर."

"थांबतो. तोवर कारण नाही सापडलं, तर टेबल काढलं म्हणून समजा."

ती ओट्याला टेकून उभी राहिली. त्या टेबलाचा एकेक रकाना तिनं स्वतः भरला होता.

"जाऊ देत मेले," मी समजूत घातली. "नाहीतरी काम करत नाहीत."

तिनं असं पाहिलं की उरलेली भांडी मीच घासायला घेतली.

दुपारी कारण सापडलं. त्या प्रोग्राममध्ये कामाचे दोन धागे म्हणे एकाच वेळी शेजारी-शेजारी चालतात. चित्राची जागा एकाकडे होती आणि हुकूम सोडत होता दुसरा. त्या दुसऱ्याच्या वाट्याला नुसती बदली फंक्शनं.

"म्हणजे नायक एका थिएटरात आणि नायिका दुसऱ्यात?"

"हो! म्हणजे... साधारण."

"मग लोकांनी तिकीट कुठलं काढायचं?"

"मावशी, चहा टाक ना."

चहा पिताना खरी बोच बाहेर आली. पूर्वी ही फंक्शनं दर हुकमाला प्रोग्रामच्या नोंदीत लिहून ओरडायची, 'इथे चित्राची जागा नाही!' एकसारखी, कान किटेपर्यंत. लोक वैतागले, म्हणून धाकटीनंच त्यांची तोंडं बंद केली होती. आता तिनं प्रत्येकाला एकदाच बोलायची मुभा दिली. पहिल्या हुकमाला ओरडायचं, मग गप्प. नवा प्रोग्राम कंपनीला पाठवला. त्यांच्या माणसाला ती ओरड लगेच दिसली. त्यानं हुकूम पहिल्या धाग्याकडे नेले आणि पडद्यावर रस्ता उमटला.

धाकटीनं साहेबांना फोन लावला. "सर, त्यांना मुकं मीच केलं होतं."

"हे आधी सुचलं नाही?"

"नाही सुचलं."

मी फोनजवळ कान नेला.

"राहू दे टेबल. पण पुन्हा त्यांची तोंडं बांधू नका."

तिनं मला कडकडून मिठी मारली. मी तोंडभर आशीर्वाद दिले, मग हळूच विचारलं, "आता तरी काम करतील ना गं ती?"

"छे! अजिबात नाही," ती हसता हसता डोळे पुसत म्हणाली.

मी तिची पाठ थोपटत राहिले. काहीच न करणारे सगळेच्या सगळे नोकरीवर कायम राहिले होते, आणि आमच्या घरात त्याचा एवढा आनंद का, हे मला अजूनही कोणाला धड सांगता येत नाही.