मशीनवर कोणता बालाजी?

परवा आमच्या नायगावात एका बातमीनं माझं बीपी वाढवलं... सून संगीता नगरपंचायतीला अपक्ष उभी आहे. मोबाइलवरच्या एका चॅनलनं मथळा दिला, 'बालाजीरावांच्या सौभाग्यवती मैदानात!' बालाजी माझा मुलगा. फोटोही त्याचाच... संगीताचं नाव अख्ख्या बातमीत कुठंच नाही.

घरचे खूश होते. तेवढ्यात शेजारच्या शमीमभाभी दारातून म्हणाल्या, "चाचा, फिकर नको. आमच्या घरची समदी मतं बालाजीच्याच बटनाला!"

माझं बीपी वाढलं ते इथं. आमच्याकडे दर दोन घरांआड एक बालाजी... आणि वॉर्डात संगीताच्या विरोधात उभा आहे, तोही बालाजीच! मशीनवर बालाजी एकच असणार, तो समोरचा.

मी चौथीपर्यंत शिकलेला, पण चष्मा लावून इतर उमेदवार बायकांच्याही बातम्या बघत बसलो. कोणी कोणाची सून, कोणी कोणाची वहिनी... पुरुषांच्या बातमीत मात्र बायकोचा पत्ता नाही. हे असं का असावं, डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी त्याच चॅनलचा पत्रकार मुलाखतीला आला. नळाच्या पाण्याचं त्यानं बालाजीला विचारलं. संगीताला विचारलं, "घर, स्वयंपाक कसं सांभाळणार?"

मला राहवलं नाही. "बापू, समोरच्या बालाजीला इचारलं का, घरी भाकरी कोण थापणार?"

"न्हाई काका... बायांना असंच इचारायची पद्धत हाय."

"आन् तुमच्या पद्धतीपायी आमची मतं त्याला गेली तर?" मी शमीमभाभींचं बोलणं सांगितलं. त्यानं माइक खाली घेतला.

"मामा, तुमी आधी गोळी घ्या," संगीता मला म्हणाली. मग त्याच्याकडे वळली, "दादा, पाण्याचं मला इचारा. ह्यांला नळ कवा येतो तेबी ठाऊक न्हाई." बालाजीसकट सगळे हसले.

संध्याकाळी नवी बातमी आली. वर ठळक नाव, संगीता. फोटो तिचा, पाण्यावरचं बोलणं तिचं... आणि समोरच्या बालाजीलाही तेच प्रश्न.

त्या पत्रकाराचे आभार, म्हाताऱ्याचं ऐकलं त्यानं. निकालाची धाकधूक आहेच, झोप नीट लागत नाही... पण आता संगीता पडली तरी स्वतःच्या नावानं पडेल.